दाराच्या चौकटीजवळचं प्लास्टर दोनदा बुजवूनही निघतंय, त्याबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत गावभागात, म्हणजे नदीकडच्या जुन्या वस्तीत, आजोबांच्या वेळचं घर आहे. पुढच्या दाराच्या उजव्या अंगाला, उंबऱ्यापासून साधारण कमरेपर्यंत, बाहेरचं प्लास्टर फुगून पडलं. दोनदा गवंडी लावून बुजवलं. पहिल्यांदा एक पावसाळा निघाला, दुसऱ्यांदा तेवढाही नाही. आता चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी चीरही दिसायला लागली आहे. तिसऱ्यांदा करताना सिमेंट किती वाढवावं आणि वॉटरप्रूफिंगचं कोणतं केमिकल टाकावं, असं तुम्ही विचारलंय.

सांगली-मिरजेकडच्या जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं मी बरीच वर्षं करतोय. हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत नेहमी येतो. माझं उत्तर तुम्हाला उलटं वाटेल: सिमेंट वाढवायचं नाही, कमी करायचं. केमिकलचा विचार सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक त्याची गरजच पडणार नाही. तुमची अडचण मालाच्या प्रमाणात नाहीच. भिंतीत पाणी कुठून तरी येतंय, चौकट बहुधा थोडी हलतेय, आणि मऊ भिंतीवर दोन्ही वेळा कडक माल बसवला गेलाय. या तिन्हींपैकी तुमच्याकडे नेमकं काय आहे हे जागेवर बघूनच कळेल, म्हणून आधी बघायचं कसं ते सांगतो.

पडलेला तुकडा फेकू नका. तो उलटा करा आणि उन्हात धरून त्याची पाठ बघा. पाठीला विटेची लाल साल चिकटून आली असेल, तर माल भिंतीपेक्षा कडक होता. तो आकसताना स्वतः तुटला नाही, त्यानं विटेचीच कातडी सोलून काढली. पाठ कोरडी, धुळकट आणि जवळजवळ स्वच्छ असेल, तर मालानं भिंत धरलीच नव्हती. गवंड्यानं भिंत न झाडता, न भिजवता माल मारला. पाठीवर पांढरी, चुरचुरीत पूड दिसली तर तो खार, म्हणजे भिंतीला लोणा लागलाय. आणि पाठ काळपट, दमट, शेवाळी वासाची असेल तर मागून सतत पाणी येतंय. हे निदान कुठल्याही मशीनशिवाय होतं आणि बहुतेक वेळा बरोबर निघतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुकड्याची पाठ लालसर आहे आणि कडेनं पांढरी रेघ दिसते. उघड्या पडलेल्या विटांचे सांधे मातकट आहेत. तिथं एक खिळा घेऊन सांधा खरवडा. पूड तपकिरी आणि भुसभुशीत निघाली तर बांधकाम मातीतलं, पांढरट आणि जराशी घट्ट निघाली तर चुन्यातलं. करडी निघाली आणि खिळाच घासला गेला तर सिमेंटमधलं. माझा अंदाज माती किंवा चुन्याचा आहे. गावभागातली त्या काळातली बरीच घरं तशीच आहेत: पक्की वीट, मातीचा किंवा चुन्याचा सांधा, वर चुन्याचा गिलावा आणि नंतर कधीतरी त्यावर सिमेंटचा हात.

अशी भिंत ओल घेते आणि सोडते. चुन्याचा गिलावा असेपर्यंत जमिनीतून चढलेली ओल उन्हात बाहेर निघून जायची. त्यावर १:३ किंवा १:४ चं, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन-चार भाग वाळूचं, प्लास्टर मारलं की ती वाट बंद होते. ओल थांबत नाही, प्लास्टरच्या मागे साठते आणि वर चढते. पाण्यात विरघळलेले क्षार कडेला, जिथं पाणी सुकतं तिथं, खडे धरतात. ते खडे विटेच्या छिद्रांत वाढतात आणि विटेचा वरचा थर आतून फोडतात. वरून बघणाऱ्याला वाटतं माल हलका होता, म्हणून पुढच्या वेळी आणखी सिमेंट घालतात. दुसऱ्यांदा तुमचं काम आणखी लवकर पडलं, त्याचं कारण हेच असणार.

आता पाणी. दारापाशी पाणी यायच्या वाटा इतर भिंतींपेक्षा जास्त असतात. रोज सकाळी पायरीवर सडा पडतो, उंबरा धुतला जातो, आणि ते पाणी एका ठरावीक बाजूला वाहून चौकटीच्या पायथ्याशी थांबतं. तुमच्याकडे उजवीकडेच पडझड आहे, तेव्हा पायरीचा उतार उजवीकडे आहे का बघा. पायरीवर तांब्याभर पाणी ओता आणि ते कुठं जातं ते बघत उभे राहा. रांगोळी, सडा बंद करा असं मी कधीच कुणाला सांगत नाही. पायरीचा उतार भिंतीपासून रस्त्याकडे करून घ्या, सव्वा फुटाला पाव इंच एवढा पुरतो.

दुसरी वाट रस्त्याची. गल्लीचं काँक्रिटीकरण होताना रस्ता वर आला आणि जोतं खाली गेलं, अशी घरं गावठाणात पुष्कळ आहेत. पूर्वी तीन पायऱ्या होत्या तिथं आता एक उरते, आणि पावसाचं पाणी भिंतीला घासून जातं. रस्ता तुमच्या हातात नाही. भिंतीलगत वीतभर रुंदीची चर खणून त्यात खडी भरता येते, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत आणि पाणी भिंतीपाशी तुंबत नाही. तेवढीही जागा नसेल तर निदान नवीन प्लास्टर रस्त्याच्या काँक्रीटला टेकवू नका. खाली बोटभर मोकळी जागा ठेवा, नाहीतर ते वातीसारखं पाणी वर ओढतं.

तिसरी वाट छज्जा. पागोळ्या छज्जाच्या टोकावरून सरळ खाली पडल्या पाहिजेत. छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून साधारण इंचभर आत, अर्धा इंच खोल खाच असते ती पाणी तोडण्यासाठी. रंगाचे थर चढून ती बुजली की पाणी छज्जाच्या पोटाखालून मागे सरकतं आणि चौकटीच्या डोक्यावर उतरतं. पावसात पाच मिनिटं दारात उभं राहिलात तर हे डोळ्यांना दिसेल. बेलच्या बटणाचा डबा आणि सेफ्टी डोअरचे खिळेही बघा. लोखंड गंजलं की फुगतं आणि भोवतीचं प्लास्टर उचलतं. तिथं तांबूस डाग असेल तर कारण तेच, आणि मग ते लोखंड काढून बदलल्याशिवाय कुठलाही माल टिकणार नाही.

घर पुराच्या पाण्यात होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण गावभागात हे विचारावंच लागतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि २०२१ च्या जुलैतही पुन्हा मोठा पूर आला. पाणी उतरल्यावर गणपती-दिवाळी तोंडावर म्हणून घाईनं प्लास्टर केलेली कितीतरी घरं नंतर पुन्हा फोडावी लागली. भिजलेली जाड भिंत आतून सुकायला महिने लागतात. ढोबळ हिशेब इंचाला महिना असा धरतात. भिंत आतून सुकली का हे बघायला दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपनं भिंतीवर घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतून थेंब धरले तर अजून थांबा. पुराचं पाणी गाळाबरोबर क्षारही भिंतीत सोडून जातं. म्हणून लोणा दिसला की तो कोरड्या ब्रशनं झाडून काढायचा आणि खाली पडलेली पूड उचलून टाकायची. पाण्यानं धुतलात तर तो विरघळून पुन्हा आत जातो.

यानंतर चौकट. एकाला दार नेहमीसारखं जोरात लावायला सांगा आणि तुम्ही बाहेरून तळहात चौकटीलगतच्या प्लास्टरवर सपाट ठेवा. हाताला हिसका जाणवला तर चौकट सुटलेली आहे. जुन्या लाकडी चौकटींना भिंतीत शिरणारे कान असतात आणि त्यांच्याभोवतीचा मातीचा सांधा कालांतरानं मोकळा होतो. मग दिवसातून कितीतरी वेळा बसणारा धक्का थेट प्लास्टरला जातो. चौकटीच्या पायाशी, जिथं लाकूड उंबऱ्याला मिळतं, तिथं स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय. अशा वेळी आधी सुतार, मग गवंडी. कुजलेला पाय कापून नवा तुकडा जोडता येतो, चौकट पट्टीच्या होल्डफास्टनं (चौकटीला जोडून भिंतीत पुरायची लोखंडी पट्टी) भिंतीत धरता येते आणि वाळवीचं औषध लाकडाला व सांध्याला देता येतं. हे सगळं प्लास्टर उघडं असतानाच सोपं जातं.

तिरक्या चिरेची मला खरी काळजी आहे. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून बारीक, केसासारखी चीर जाणं साहजिक आहे, कारण भिंतीतला ताण तिथंच गोळा होतो. पण आपल्याकडच्या काळ्या मातीवर उभं असलेलं घर ऋतूप्रमाणे हलतं: पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी खूण करून तारीख लिहा. चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक टिंब काढून त्यांच्यातलं अंतर पट्टीनं मोजून ठेवा. मे महिन्यात ती रुंद आणि ऑगस्टमध्ये बारीक होत असेल तर ती जमिनीची चीर आहे, नुसती बुजवून जाणार नाही. चीर ५ मिलिमीटरहून रुंद असेल, विटांमधून आरपार जात असेल, दार अडकायला लागलं असेल किंवा भिंतीला पोट आलं असेल, तर गवंड्याला हात लावू न देता आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. दारावरची लाकडी फळी आतून कुजलेली असली आणि तुम्ही खाली प्लास्टर फोडत बसलात तर धोका असतो. टेकू दिल्याशिवाय तिथं छन्नी लावायची नाही.

हे सगळं ठीक निघालं असं धरून आता प्रत्यक्ष काम. स्क्रूड्रायव्हरची मूठ भिंतीवर ठोकत जा. टणक आवाज म्हणजे धरलेलं, बद्द आवाज म्हणजे सुटलेलं. बद्द भागाभोवती खडूनं रेघ ओढा आणि तिच्याबाहेर दोन इंच घेऊन सरळ चौकोन आखा. नागमोडी कडा ठेवू नका. मातीच्या भिंतीत ग्राइंडर वापरायचा तो फक्त कडेची रेघ कापायला, प्लास्टरच्या जाडीइतकाच, आणि त्याआधी बेलची आणि दिव्याची वायर कुठून गेलीय ते बघून मेन स्विच बंद करून. बाकी सगळं हातोडी-छन्नीनं हळू काढायचं. तुमच्याबाबतीत मी मध्येच एक तुकडा न काढता चौकटीपासून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत, जोत्यापासून कमरेच्या वरपर्यंतचा पूर्ण पट्टा काढीन. कारण जुनं सिमेंट चारी बाजूंना ठेवून मधे मऊ माल घातला तर ओल त्या मऊ भागात एकवटते. पट्टा पूर्ण असला की नव्या-जुन्याचा सांधा एकाच आडव्या रेघेत येतो आणि तिथं मुद्दाम एक खाच देऊन तो लपवताही येतो.

विटांना टोचे मारू नका, त्या आधीच थकलेल्या आहेत. सांधे अर्धा इंच खोल खरवडून काढा, तेवढीच पकड पुरे होते. कोरड्या कुंच्यानं धूळ पूर्ण झाडा. आदल्या संध्याकाळी भिंतीला पाणी मारा, आणि सकाळी काम सुरू करताना पुन्हा हलका शिडकावा. विटेवर पाणी चमकत असेल तर थांबा. रंग गडद पण स्पर्श कोरडा, अशी वेळ साधायची. खोल खड्डे असतील तर आधी विटेचे तुकडे मालात बसवून ते भरा. एकाच दमात जाड थर मारला की तो स्वतःच्या वजनानं खाली सरकतो.

मालाबद्दल. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीसाठी मी १ भाग सिमेंट, २ भाग चुना, ९ भाग वाळू घेतो. उघड्यावर पावसाचा मारा जास्त असेल आणि विटा मजबूत असतील तर त्याच क्रमानं १:१:६. खिळ्याच्या खुणेवरून भिंत सिमेंटमधली निघाली, तर चुन्याशिवाय सिमेंट-वाळू १:४ किंवा १:५ चालेल. नुसता चुना आणि सुरखीचा (विटेच्या भुकटीचा) गिलावा सगळ्यात चांगला, पण तो मुरवून, घोटून करणारा माणूस मिळाला तरच. अर्धवट जाणणाऱ्याकडून केला तर तोही पडतो. चुना पिशवीतला हायड्रेटेड घ्या आणि आदल्या रात्री पाण्यात भिजवून लोण्यासारखा करून ठेवा. काम करताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं, नेहमी मिळणारं) पुरे. प्लास्टरसाठी ५३ ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या सिमेंटच्या, मागे लागू नका, आणि गाठी झालेलं उघडं पोतं तर नकोच. सहा चौरस फुटांच्या तुकड्याला वाया जाणारं धरूनही तीन-चार किलो सिमेंट लागतं. माप घमेल्यानं न घेता एकाच डब्यानं घ्या, इतक्या थोड्या मालात अंदाज लगेच चुकतो.

नदीची वाळू आता सहज मिळत नाही. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, चालते, पण प्लास्टरची वेगळी मिळते ती मागा आणि चाळून घ्या. काँक्रीटच्या क्रश सँडचे दाणे मोठे असतात, आणि धूळ जास्त असलेली घेतली तर प्लास्टर वाळताना जाळं धरतं. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू, वर मीठ घातलेलं पाणी, हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या भागापेक्षा जाड दिसला तर ती वाळू नको.

पहिला हात, म्हणजे पहिला थर, अर्ध्या इंचाच्या आत, जोरानं मारून दाबलेला. तो जरा आवळला की त्यावर थापीच्या टोकानं तिरक्या रेघा ओढा. तीन-चार दिवस ओला ठेवून मग दुसरा हात, पाव इंचाच्या आसपास, पट्टीनं सपाट करून लाकडी रंध्यानं घोटायचा. कालवलेला माल अर्ध्या-पाऊण तासात संपवा. घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू देऊ नका. आणि गवंडी शेवटी कोरडं सिमेंट शिंपडून पोलादी थापीनं चकचकीत करायला लागला तर त्याला थांबवा. त्यानं वरचा थर कडक होतो आणि बारीक भेगा पडतात. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात चिरेवर आडवी फायबरची जाळी प्लास्टरच्या दोन थरांच्या मधे दाबा. खालच्या दमट भागात लोखंडी चिकन मेश नको, ती गंजते.

बहुतेक गवंडी एक गोष्ट हमखास चुकवतात. प्लास्टर थेट लाकडाला भिडवतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि तिथं दरवर्षी फट पडून पाणी आत शिरतं. प्लास्टर ओलं असतानाच चौकटीच्या कडेनं थापीनं ८ ते १० मिलिमीटर रुंद खाच मोकळी ठेवा. प्लास्टर पूर्ण वाळल्यावर खाचेच्या तळाला फोमची दोरी दाबून वर रंग घेणारा पीयू सीलंट (रबरासारखा लवचीक राहणारा भराव) भरा. वॉटरप्रूफिंगवर खर्च करायचाच असेल तर तो इथं करा. सीलंट ताणला जातो आणि लाकडाबरोबर हलतो, ते काम सिमेंट करू शकत नाही.

काम पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत घ्या. एप्रिल-मे मध्येच करावं लागलं तर सकाळी लवकर करा आणि वर ओलं गोणपाट टांगा. निदान सात दिवस दिवसातून तीन-चार वेळा हलका फवारा मारा. पाइपचा जोराचा धार नको, ताज्या कडा धुपतात. आणि या आठवड्यात दार हळू लावा, घरातल्या मुलांनाही तसं सांगून ठेवा.

रंगाची घाई नको, चार आठवडे जाऊ द्या. वॉल पुट्टी दीड-दोन मिलिमीटरच्या वर कुठंही भरू नका, आणि पीओपी बाहेर अजिबात नको, ते पाण्यात विरतं. जाड, रबरासारखा वॉटरप्रूफ रंग या भिंतीला लावलात तर चुन्यानं मोकळी केलेली वाट तुम्ही पुन्हा बंद केली. चुन्याचा हात किंवा ओल बाहेर जाऊ देणारा साधा रंग घ्या. नवा तुकडा पहिलं वर्ष थोडा वेगळा दिसतोच, म्हणून रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या पूर्ण पट्ट्यावर द्या.

काम लावण्याआधी दोन गोष्टी कळवा: चौकटीच्या पायाशी स्क्रूड्रायव्हर किती आत गेला, आणि २०१९ व २०२१ ला पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं. पाण्याची खूण कमरेच्या वर असेल तर पट्टा कमरेवर न थांबवता खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढावा लागेल, आणि मग मालाचा हिशेबही बदलेल. तो मी तुम्हाला मापं मिळाल्यावर करून देतो.